पाण्याच्या फोटोतला फेरा

प्रिय सुलूताई,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच कपाटावर टाकशील, म्हणून पत्ता तुझ्या भावजयीकडून, स्वप्नालीकडून लिहून घेतला आहे. एवढी लबाडी धाकट्या भावाला माफ असावी. फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक केलंस, आणि भाऊजींकडे निरोप दिला तर ते बिचारे ‘सांगतो, सांगतो’ म्हणतात, पण तुझ्यापुढे इकडचा विषय काढायची त्यांची छाती होत नाही. मग उरलं काय, तर पोस्ट. वापीला साधं पत्र पाठवायचंय म्हटल्यावर पोस्टातला माणूस चष्म्यावरून माझ्याकडे बघतच राहिला. कुरिअर परवडत नाही का, असं विचारायचं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं.

आधी आईचं सांगतो. तिनं अन्न जवळजवळ टाकलंय. भोरच्या डॉक्टरांनी सलाईन लावली, तपासण्या केल्या, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, घरी न्या, मागतील ते खायला द्या. तू स्वतः दवाखान्यात काम करतेस, तेव्हा याचा अर्थ तुला सांगायला नको. शुद्धीवर आहे, बोलते, स्वप्नालीच्या आमटीला नावंही ठेवते. आणि कुंकू रोज लावते. निम्मं कुंकू भुवईवर सांडतं, पण दुसऱ्या कुणाला लावू देत नाही. हे वाचून तुझं डोकं तापणार, माहीत आहे. ‘ज्या माणसानं आपल्याला टाकलं, त्याच्या नावाचं कुंकू जोवर पुसत नाहीस, तोवर मी या घराची पायरी चढणार नाही,’ असं तू तिला तोंडावर म्हणालीस आणि खरंच चढली नाहीस. मी तुला तेव्हाही दोष दिला नाही, आजही देत नाही. जुनी वाडी धरणात बुडाली त्या पावसाळ्यात आप्पा नाहीसे झाले आणि ते वेल्ह्याच्या बाजारात दिसल्याची बातमी आली, तेव्हा मी लहान होतो, माझ्या वाट्याला फक्त मोठ्यांची कुजबुज आली. काकांबरोबर वेल्ह्याला तू गेलीस. तहसील कचेरीसमोर उभी राहून बाजाराला आलेल्या प्रत्येक माणसाचं तोंड तू पाहिलंस. तोरण्यावरून ढग खाली उतरत होते आणि शेवटची एसटीसुद्धा त्यांच्याशिवाय सुटली, हे तू मला आयुष्यात एकदाच सांगितलंस, आणि त्यानंतर आप्पांचं नाव घेतलं नाहीस. तेव्हा हे पत्र वाचताना तुला राग आला तर येऊ दे. फक्त शेवटपर्यंत वाच.

मी नेमकं काय काम करतो हे तुला कधी सांगितलंच नाही. आई लोकांना सांगते, ‘कुमार धरनाचं फोटू काडतो,’ आणि ते खोटं नाही. पुण्याच्या एका कंपनीनं धरणांच्या काठी कॅमेरे बसवले आहेत, पाणी किती चढलं, जलपर्णी कुठवर आली यावर लक्ष ठेवायला. आपल्या खोऱ्यातला कॅमेरा नव्या वाडीच्या पाण्याच्या टाकीवर आहे. त्याच्या चौकटीत वर धरणाचं पाणी येतं, मध्ये चढण, आणि खाली आपल्या आळीतली चार-दोन घरं, त्यांत आपलं अंगणही. आईनं अंथरूण धरल्यापासून मी इथूनच काम करतो. हिर्डोशीच्या बाजूचं नेटवर्क तुला ठाऊक आहे. खिडकीच्या गजाला मोबाईल टांगला तर रेंजची एखादी काडी दिसते, आणि तीही ढगाच्या मर्जीवर. त्यामुळे फोटो जितका लहान करून पाठवता येईल तितका करणं हे माझं काम, आणि खरं सांगायचं तर माझं वेड आहे.

कंटाळू नकोस, हे समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. कॉम्प्युटर ते ठिपके पुस्तक वाचल्यासारखे वाचतो, वरची ओळ डावीकडून उजवीकडे, मग तिच्या खालची. प्रत्येक ठिपका पुरा लिहून ठेवण्याऐवजी तो मागच्या ठिपक्याहून किती वेगळा आहे एवढंच लिहिलं तर जागा वाचते. शेजारी शेजाऱ्यासारखाच असला की लिहायला जवळपास काही उरतच नाही. पण ओळ संपली की उडी मारून पार दुसऱ्या टोकाला जावं लागतं आणि तिथे शेजार तुटतो. म्हणून माणसांनी दुसऱ्या वाटा शोधल्या. नांगरताना बांधापाशी बैल वळवून उलटं यायचं, तशी एक. भात लावताना बायका एकेक कोपरा पुरा करत पुढच्या कोपऱ्याला लागतात, तशी दुसरी. फोटो तोच, ठिपके तेवढेच, फक्त त्यांच्यातून चालायचा क्रम बदलला की फाईल लहान होते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं, आणि स्वप्नालीला वाटलं मी कुणाच्या तरी प्रेमात पडलोय.

मग मी म्हटलं, क्रम आपण तरी कशाला ठरवायचा? प्रोग्रामलाच शोधू दे. कुठून सुरुवात केली आणि कोणत्या शेजाऱ्याकडे वळलं तर फरक सर्वांत कमी राहील, ती वाट त्यानं आधी धरायची, उरलेले ठिपके मागून कसेही गोळा करायचे. यात एक गोम आहे. वाट रोज नवी निघाली, तर फोटोबरोबर ती वाटही पाठवावी लागते, नाहीतर पलीकडच्या माणसाला फोटो उलगडता येत नाही. म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिवाय आमचा फोटो म्हणजे पाणी. रोज लाटा वेगळ्या, उजेड वेगळा, तेव्हा वाटही रोज वेगळी निघणार हे मी धरूनच चाललो होतो. गंमत म्हणून चालवून पाहिलं, आणि वाट रोज तीच निघाली.

ऊन असो, ढग असो, पावसाची झड असो, पाण्यातल्या एका ठरावीक जागेपासून ती सुरू व्हायची. थोडी सरळ जायची, वळायची, एका ठिकाणी थांबल्यासारखी दाटायची, पुन्हा चालू लागायची. एके जागी तर रिकाम्या पाण्याभोवती गोल फिरून मगच पुढे सरकायची. फोटो डोळ्यांनी पाहिलास तर त्यात नुसतं पाणी आहे. पण त्या वाटेवरचे ठिपके एकमेकांशी इतके सारखे, की फरक लिहायला उरतच नाही. एक ठिपका बाजूला सरकलं की पुन्हा नेहमीचं पाणी. मी काच पुसली, कॅमेरा बदलून घेतला, प्रोग्राम पहिल्यापासून तपासला. पुण्याला माझ्याबरोबर शेफाली म्हणून एक मुलगी काम करते, हुशार आणि तोंडाची फटकळ. तिला वाटेबद्दल चकार शब्द न काढता नुसते फोटो पाठवले. तिनं आपल्या पद्धतीनं शोधलं आणि तीच वाट मला परत पाठवली. खाली लिहिलं होतं, तुमच्याकडे पाण्यातून कुणी चालतं का रे? आधी मला हसू आलं. नंतर तिनं ते फोटो उघडायचं बंद केलं, तेव्हा आलं नाही.

मग मी साठवणीतले जुने फोटो काढले. चैत्रातल्या जत्रेआधी पाणी म्हणजे पाणीच, रोज वेगळी वाट. जत्रेनंतर मात्र ही एकच. आणि यंदाच्या जत्रेत काय झालं ते तुझ्या कानावर नसेल. तुला माहीत आहे, नव्या वाडीत घरं ओळीनं आहेत, प्लॉटला नंबर आहेत, पण भैरवनाथाची पालखी इतकी वर्षं जुन्या वाडीच्या क्रमानंच फिरायची. तिकडे ज्याच्या शेजारी जो होता, त्याच्यामागून त्याचा मान. त्यामुळे पालखी या टोकावरून त्या टोकाला जायची, आलेल्या वाटेनं परत फिरायची, पाहुणे हसायचे आणि भोई घामाघूम व्हायचे. यंदा माऊलीच्या मंडळानं ठरवलं की पालखी प्लॉट नंबरानं न्यायची. माऊली म्हणजे गुरवाचा नातू. तुझ्या वेळचा शेंबडा, आता अध्यक्ष आहे आणि मिशीला पीळ देतो. म्हातारी माणसं कुरकुरली, पण उन्हं तापायच्या आत फेरा उरकला आणि पंगत वेळेवर बसली, तेव्हा सगळ्यांनी माऊलीची पाठ थोपटली. पालखी पहिल्यांदाच पुस्तकातल्या ओळींसारखी सरळ फिरली. मीही तिच्यामागून चाललो होतो, मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

अंबूआत्या, आप्पांची ती चुलतबहीण, रोज दुपारी आईजवळ बसायला येते. एकदा मी ती वाट स्क्रीनवर नुसत्या पांढऱ्या रेघेनं काढून बघत बसलो होतो. मागे पाणी नाही, डोंगर नाही, फक्त काळा पडदा आणि रेघ. आत्या चहाचा कप घेऊन माझ्या मागे उभी राहिली आणि म्हणाली, ‘ह्यो फेरा कशाला रं काडलास?’ मी विचारलं, कसला फेरा? तिनं स्क्रीनवर बोट टेकवलं. ‘हितनं पालखी निगायची. ह्यो गुरवाचा सोपा, पयला मान हितं. ह्यो रायबा धनगराचा वाडगा, हितं भंडारा उधळायचा. आन् ह्यो उंबर, त्याला येढं घालायचं.’ ताई, मला कसलाही उंबर आठवत नाही. आत्या म्हणते, मी रांगत असतानाच तो वादळात पडला, तरी पालखी त्या जागेला वळसा घालायची. तुला आठवतो का? आपली वाडी धरणाच्या खोलात आहे, भर उन्हाळ्यातही तिचा दगड वर येत नाही, आणि वरून नुसत्या पाण्याचा फोटो काढून मी तिचा फेरा काढून बसलो होतो. आत्याचं बोट रेघेवरून सरकत आपल्या घराच्या जागेवर आलं आणि तिनं ते चटका बसल्यासारखं मागे घेतलं. म्हणाली, ‘हितवर कशी आली? देव हलवला त्या दिशी फेरा निम्म्यातच मोडला व्हता. पालखी तुमच्या दारात आलीच न्हवती.’ चहा तसाच ठेवून ती घरी गेली. अजून येते, पण मी कॉम्प्युटर लावला की पाठ करून बसते.

तोवर वाट आपल्या जुन्या घराच्या जागेपाशी संपत होती. त्यानंतर ती वाढायला लागली. जुना भाग पुण्याला पूर्वीच गेलेला, तेव्हा रोज फक्त वाढलेला तुकडा पाठवायचा, आणि फाईल इतक्या लहान होत गेल्या की साहेबांनी माझं कौतुक केलं. वाट घरापासून नदीच्या उताराकडे गेली, तिथून बैलगाडीच्या रस्त्याला लागली, आणि काठाकडे येऊ लागली. रोज सारखी नाही. कधी थोडी, कधी अजिबात नाही. यंदा श्रावण-भाद्रपदात धुकं खोऱ्यातून उठतच नव्हतं. धुकं भरलं की फोटो नुसता पांढरा, पाणी नाही की काठ नाही, आणि ज्या दिवशी काहीच दिसायचं नाही त्या दिवशी वाट सर्वांत जास्त पुढे आलेली असायची. मग ती पाण्याबाहेर आली. चढणीवर गवत, दगड, करवंदीच्या जाळ्या. तिथे शेजारचे दोन ठिपके कधी सारखे नसतात, तिथे माझा प्रोग्राम नेहमी हात टेकतो. पण ती गुळगुळीत वर चढत आली. रायबाच्या घरच्या शेळ्या ती चढण अजूनही चरतात, फक्त तेवढा पट्टा सोडून. तिथलं गवत गुडघ्याएवढं वाढलंय आणि त्यावर खूर पडलेला नाही.

यातलं एक अक्षरही मी आईजवळ बोललो नव्हतो, आणि आत्याही बोलली नव्हती, मी तिला शपथ घालून विचारलंय. एके सकाळी मी आईचं तोंड पुसत होतो. कॉम्प्युटर अजून उघडला नव्हता. तिनं विचारलं, ‘करवंदीपातूर आलं का रं?’ मी म्हटलं, कोण आई? ती म्हणाली, ‘दम लागत आसंल. चढ लई हाय.’ तिचं तोंड पुसून झालं, मी तिला नीट टेकून बसवलं, आणि मग जाऊन फाईल उघडली. वाट करवंदीच्या मोठ्या जाळीपाशी येऊन थांबली होती. ताई, मला भीती वाटली. दिवसाढवळ्या, घरात माणसं असताना, शेजारी टीव्ही चालू असताना मला दाराकडे पाहवेना.

मी प्रोग्राम बंद केला. फोटो पुन्हा साध्या ओळींनी पाठवायला लागलो. फाईली फुगल्या, नेटवर्क कोलमडलं, पुण्याहून बोलणी बसली, ती मी ऐकून घेतली. पण त्या दिवसांत आईचे फार हाल झाले. पाण्याचा घोट घशाखाली जाईना. श्वास अडकायचा, डोळे दाराला लागलेले, आणि मध्येच विचारायची, ‘वाट कुनी मोडली रं?’ स्वप्नालीनं अखेर मला अंगणात बोलावलं आणि म्हणाली, ‘तुमी काय बंद केलंय ते मला कळत न्हाई, पण चालू करा. मला आईंच्याकडं बघवत न्हाई.’ मी चालू केलं. त्या दिवशी आईनं वाटीभर मऊ भात खाल्ला आणि वर लोणचं मागितलं. वाट करवंदीच्या जाळीपासून पुन्हा निघाली.

भात खाऊन झाल्यावर तिनं मला जवळ बसवलं. आता लिहितो ते तिचे शब्द आहेत, माझ्या पदरचं काही नाही. ती म्हणाली, ‘द्येव हलवायचा म्हनून शेवटचा फेरा काडला. पानी यंदाच यील आसं कुनाला वाटलं न्हवतं, पर खालच्या खाचरात आलं. मग घाई झाली. पालखी निम्म्यातनंच उचलून टेम्पोत घातली. तुजं आप्पा पुडचं खांदेकरी. हितं वर आल्याव ताटाव बसलं आन् तसंच उठलं. म्हनलं, फेरा मोडून द्येव आनला, ह्ये बरं न्हाई. खांद्याव पालखी नसंना, म्या चालून पुरा करून येतो. म्या म्हनलं, पाऊस लई हाय. तर म्हनलं, आलोच.’ सकाळी वाडीवर पाणी होतं. आई कुणाला काही बोलली नाही. नव्या जागेत जो तो आपापलं पत्र्याचं छप्पर धरून बसलेला, आप्पा खाली गेलेले कुणी पाहिले नव्हते.

आणि ते वेल्ह्याच्या बाजारात दिसले ही बातमी कुणी आणली, ताई? आपण आजवर समजत आलो की बाजारकरी कुणीतरी. ती बातमी आईचीच होती. कुणा परक्या बाजारकऱ्यानं सांगितलं असं खोटंच म्हणून तिनंच काकांच्या कानावर घातली. मी विचारलं, का गं? ती म्हणाली, ‘पान्यात ग्येलं म्हनले आसते, तर दुसऱ्या दिशी बायकांनी माजं कुक्कू पुसलं आसतं. वेल्ह्यात हायती म्हनलं, तर कुठंतरी हायती. माजं कुक्कू ऱ्हायलं. पर त्यापायी सुलीच्या मनातनं बाप ग्येला, त्ये मला तवा कळलं न्हाई. कळलं तवा सांगायचं तोंड न्हवतं.’ मला तिचा राग आला. खरंच आला, तिच्या अशा अवस्थेतही. तू त्या बाजारात उभी राहून पाहिलेली तोंडं मला आठवली. मी उठून टाकीपर्यंत चालत गेलो, तिथे उगाच कॅमेऱ्याचे स्क्रू आवळत बसलो, आणि परत आलो तेव्हा ती तशीच जागी होती. म्हणाली, ‘वर पालखी जुन्या वाटनं चालत व्हती तवर त्येनला धीर व्हता. आता त्येनला वाटलं आसंल, आपलीच वाट बघायची सोडली.’ इतक्या वर्षांत आपण आप्पांच्या नावानं कावळ्याला घास ठेवला नाही, आणि मनापासून त्यांची वाटही पाहिली नाही. दोन्हीतलं काहीच त्यांना मिळालं नाही. ते आपल्याला टाकून गेले नव्हते, ताई. ते हट्टी होते, आणि फेरा पुरा करायला गेले होते.

वाट आता आपल्या अंगणात आली आहे. पुढे सरकत नाही. ओटीच्या पायरीपासून चार हात अलीकडे ती एकाच जागी दाटत चालली आहे, रोजचा तुकडा तेवढ्याच जागेत फिरतो. कॅमेऱ्यात अंगण रिकामं दिसतं. पण स्वप्नाली झाडायला येते तेव्हा तेवढ्या जागेला वळसा घालून झाडते, आणि सांगितलं तर तिला खरं वाटत नाही. आईही तशीच अडकली आहे. ना उठते, ना जाते. रोज सकाळी पायरीकडे बघून म्हणते, ‘हुबं हायती.’ स्वप्नालीनं तांब्याभर पाणी नेऊन तिथे घातलं, काही झालं नाही. आई म्हणाली, ‘सुनंचं चालत न्हाई गं. लेकीनं घालायचं आसतंय.’ दारात आलेल्या भोयांच्या पायांवर घरच्या लेकीनं पाणी घातल्याशिवाय आपल्याकडे पालखी ओटीवर चढत नाही, आणि आपल्या घरात ते पाणी तूच घालायचीस. पाणी गार आहे म्हणून आप्पा खांद्यावर दांडी असतानाही उगाच पाय उचलायचे आणि तू त्यांच्यावर चिडायचीस, असं आई सांगते. म्हणून हे पत्र. आईला शेवटचं भेट असं मी म्हणत नाही, तिला माफ कर असंही म्हणत नाही, ते तुझं तू आणि तिचं ती बघून घ्या. भोरला उतरलीस की कुणाच्याही फोनवरून मला फोन लाव, एसटीची वाट बघू नकोस, मी मोटारसायकल घेऊन येतो. घरात यायचं नसेल तर येऊ नकोस, अंगणातूनच परत फिर. राग असेल तर रागानं घाल, पण आप्पांच्या पायांवर पाणी घाल. तू पाणी घातलंस की ते ओटीवर येतील, आणि आई त्यांच्याबरोबर निघून जाईल, हे मला कळतं. ते कळत होतं म्हणूनच हे पत्र लिहायला मी इतके दिवस लावले. तरी ये.

तुझाच,
आणि तुझ्या हातचा मार अजून लक्षात असलेला,
कुमार